मांडव उतरल्यावर : संगणकावरची कला जपायची कशी?

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत मंडळाच्या संग्रह समितीने केलेल्या भाषणाचा मजकूर. भाषणाच्या वेळी पडद्यावर दाखवलेली चित्रं जागेअभावी इथे दिलेली नाहीत.)



संध्याकाळची आरती आणि प्रसाद यांच्या मधला हा वेळ आपण आम्हाला दिलात, त्याबद्दल आधी आभार. संग्रह समितीत आम्ही तिघे आहोत. एक जण ग्रंथालयातून निवृत्त झालेले, एक जण इथल्याच फाइन आर्ट्समध्ये शिकलेल्या आणि एक जण संगणक दुरुस्तीचं दुकान चालवणारे. बोलणारं तोंड एक असलं तरी काम तिघांचं आहे, म्हणून आज 'आम्ही' असंच बोलणार आहोत.

विषय ऐकून ज्येष्ठांना वाटेल की हा नातवंडांचा विषय, आपला नाही. पण संगणकावर केलेली कला म्हणजे कागदावरच्या चित्राचा काढलेला फोटो नव्हे. जी वस्तू जन्मालाच पडद्यावर येते ती. हलणारं चित्र, बोट लावलं की बदलणारं चित्र, आवाज आणि अक्षरं मिळून झालेली गोष्ट, मोबाइलवर केलेली छोटी फिल्म. त्याला मूळ कॅनव्हास नसतो, फ्रेम नसते. असते एक फाइल, आणि ती दाखवणारी कुणाची तरी जागा. बहुतेक वेळा ही जागा फुकट मिळालेली असते, आणि आपल्या सगळ्या अडचणीचं मूळ तिथेच आहे.

हा मांडव पाहा. किती सुंदर सजलाय! पण अनंत चतुर्दशीनंतर मांडववाले येतील, बांबू सोडतील आणि ट्रकमध्ये भरून नेतील. त्यात त्यांचा काही दोष नाही, मांडव त्यांचा आहे. म्हणूनच बाप्पाचे चांदीचे अलंकार आपण मांडवात ठेवून घरी जात नाही. ते कुणाच्या ताब्यात आहेत याची वहीत नोंद असते. इंटरनेटवर मात्र आपण उलटं करतो. मांडवालाच घर समजतो आणि अलंकार तिथेच ठेवून निघून येतो.

असे मांडव किती उतरले, त्याचं एक मोठं उदाहरण सांगतो. १९९४ साली अमेरिकेत एक सेवा सुरू झाली, ती पुढे 'जिओसिटीज' या नावाने ओळखली जाऊ लागली. ती कुणालाही इंटरनेटवर फुकट पान बांधायला जागा द्यायची. मांडणी एखाद्या शहरासारखी होती. विषयाप्रमाणे वस्त्या आणि वस्तीत घर क्रमांक. लाखो लोकांनी आपापली पानं सजवली. लुकलुकणारे तारे, हलणारी चित्रं, 'काम चालू आहे' अशा पाट्या, मागे वाजणारं संगीत. कलाशिक्षण घेतलेल्यांनी त्याला नाकं मुरडली. १९९९ साली याहू कंपनीने ही सेवा विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेतली जिओसिटीज बंद केली.

बंद होण्याआधीच्या काही महिन्यांत जेसन स्कॉट आणि 'आर्काइव्ह टीम' नावाच्या स्वयंसेवकांनी रात्रंदिवस बसून जेवढी पानं उतरवता येतील तेवढी उतरवली आणि पुढच्या वर्षी सहाशेहून जास्त गिगाबाइटचा तो साठा सर्वांसाठी खुला केला. ऑलिया लिआलिना आणि ड्रॅगन एस्पेनशीड या दोन कलावंतांनी तो साठा घेतला. त्या काळचा ब्राउझर आणि त्या काळच्या पडद्याचा आकार पुन्हा उभा केला आणि त्यात एकेक पान उघडून त्याची छबी टिपायला सुरुवात केली. २०१३ साली लंडनच्या फोटोग्राफर्स गॅलरीत त्याचं प्रदर्शन झालं. ज्याला नाकं मुरडली गेली, ते एका पिढीच्या लोककलेचं दालन ठरलं. हे काम ना जागेच्या मालकाने केलं, ना सरकारने. 'हे जाऊ द्यायचं नाही' असं ज्यांना वाटलं त्यांनी केलं.

सगळीकडे असं झालं नाही. 'मायस्पेस'वर जगभरचे गायक-वादक आपली गाणी ठेवत असत. २०१९ मध्ये कळलं, की २००३ ते २०१५ या काळातली गाणी सर्व्हर बदलताना गेली. त्या वेळच्या बातम्यांनुसार ती सुमारे ५ कोटी होती. त्यातली सुमारे ४,९०,००० परत मिळाली, तीही काही संशोधकांनी अभ्यासासाठी आधीच प्रती करून ठेवल्या होत्या म्हणून. आपल्याकडे २९ जून २०२० रोजी सरकारने ५९ अ‍ॅप्सवर बंदी घातली. त्यात टिकटॉकही होतं. बंदीची कारणं वेगळी होती आणि तो आजचा विषय नाही. पण गावागावांत, शेताच्या बांधावर उभं राहून मराठीत नक्कल, लावणी, विनोद करणाऱ्या कितीतरी जणांची दोन-तीन वर्षांची कामगिरी एका रात्रीत पडद्याआड गेली. ज्यांनी आपली कामं फोनमध्ये उतरवून ठेवली होती, त्यांच्याकडे ती आजही आहेत.

म्हणजे पहिला धडा प्रतींचा. बडोदेकरांना तो नव्याने शिकवायला नको. राजा रविवर्म्यांची चित्रं आपण लक्ष्मीविलास पॅलेसमध्ये पाहतो. पण ती घराघरांत पोचली छापखान्यामुळे. १८९४ साली त्यांनी मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. १९७२ साली तो कारखाना आगीत जळाला. कितीतरी मूळ छपाई भस्म झाली. तरी त्यांची लक्ष्मी आणि सरस्वती वाचल्या, कारण त्या तोवर हजारो देवघरांत जाऊन बसल्या होत्या. आपल्याच प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती तयार केली, ती कशाच्या बळावर? वेगवेगळ्या प्रांतांत, वेगवेगळ्या लिप्यांत लोकांनी पोथ्या उतरवून ठेवल्या होत्या म्हणून. एका पोथीला वाळवी लागली तरी दुसरी कुठेतरी होती.

अलीकडे 'तुमची कला कायमची राहील' असं सांगणारे बाजार निघाले. एनएफटी हे नाव आपण ऐकलं असेल. चित्राच्या मालकीची नोंद एकाच वेळी अनेक संगणकांवर ठेवायची अशी ही पद्धत. त्यातला एक बाजार 'हिक एट नुंक'. या लॅटिन नावाचा अर्थ 'इथे आणि आत्ता'. मार्च २०२१ मध्ये तो सुरू झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चालकाने अचानक बंद केला. पण इथे एक चांगली गोष्ट घडली. चित्रांच्या फाइली एकाच ठिकाणी नव्हत्या आणि दुकानाचा आराखडा सर्वांना खुला होता. त्यामुळे वापरणाऱ्यांनी लगेच तसंच दुसरं दुकान उभं केलं आणि पुढे त्यातूनच 'तेइया' हे लोकांनी चालवलेलं ठिकाण झालं. पण यातही एक मेख आहे. नोंद अनेक ठिकाणी राहिली तरी प्रत्यक्ष चित्राची फाइल कुणीतरी आपल्या संगणकावर धरून ठेवली, तरच ती राहते. धरणाऱ्याने हात सोडला, की उरते फक्त पावती. तेव्हा 'कायमचं' हा शब्द कुणी विकत असेल, तर एवढंच विचारायचं, की ही फाइल उद्या धरून कोण बसणार आहे?

दुसरा धडा यंत्राचा. पोथी उघडली की वाचता येते. फाइल उघडायला यंत्र लागतं आणि यंत्र म्हातारं होतं. एके काळी हलती शुभेच्छापत्रं, कार्टून, छोटे खेळ हे सगळं 'फ्लॅश' नावाच्या प्रोग्रामवर चालायचं. अ‍ॅडोबी कंपनीने २०१७ साली जाहीर केलं आणि ३१ डिसेंबर २०२० ला त्याची देखभाल थांबवली. फाइली जशाच्या तशा होत्या, पण त्या दाखवणारा गेला. मग पुन्हा हौशी लोक पुढे आले. 'रफल' नावाचा प्रोग्राम जुन्या फ्लॅशची हुबेहूब नक्कल करतो, त्यामुळे त्यातल्या पुष्कळ फाइली आज परत हलायला लागल्या आहेत.

हे परदेशातलं झालं म्हणाल, तर आपल्या कपाटात या. मंडळाच्या जुन्या स्मरणिकांच्या काही सीडी आम्ही उघडल्या. फाइली शाबूत होत्या. पण उघडल्यावर मराठी दिसेना, रोमन अक्षरं आणि चिन्हं यांची खिचडी दिसली. कारण साधं आहे. युनिकोड रुळण्याआधीचे आपले मराठी फाँट रोमन अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरं बसवत. फाँट नसला, की घरं उरतात आणि बिऱ्हाड गायब होतं. तो जुना फाँट एका निवृत्त डीटीपीवाल्यांकडे फ्लॉपीत सापडला, तेव्हा कुठे संपादकीय वाचता आलं. तीच स्मरणिका कागदावर छापलेली आजही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचता येते.

आता आपल्या मंडळाची खरी गोष्ट. २०२० आणि २०२१ साली करोनामुळे मांडव नव्हता. तेव्हा मंडळाने संगणकावर केलेल्या कामांचं ऑनलाइन प्रदर्शन भरवलं होतं, ते आपल्याला आठवत असेल. एका मोफत सेवेवर ४७ कामं ठेवली होती आणि २०२१ च्या स्मरणिकेत प्रत्येक कामाचा क्यूआर कोड छापला होता. आज ती स्मरणिका उघडून कोडवर मोबाइल धरा. काही येत नाही. ती सेवा बंद झाली. नोटीस तीस दिवसांची होती. त्या तीस दिवसांत आणि नंतर घरोघरी फिरून आम्ही ३१ कामं गोळा केली. काही मूळ फाइली मिळाल्या. काही फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून फिरून बारीक आणि धूसर झालेल्या प्रती मिळाल्या. एक काम एका आजीबाईंनी प्रिंट काढून फ्रिजवर लावलं होतं, तेवढंच उरलं. १६ कामं गेली.

गेलेल्या आणि राहिलेल्या यांच्या सीमेवर एक काम आहे. आपले एक ज्येष्ठ सभासद, रेल्वेतून निवृत्त झालेले ड्राफ्ट्समन, सगळे त्यांना काकाच म्हणायचे. सत्तरी ओलांडल्यावर माउस हातात धरून त्यांनी दांडिया बाजारातला एक वाडा काढला. सात खिडक्या. खिडकीवर क्लिक केलं, की ती उघडायची आणि आतून आवाज यायचा. एकीतून पेटीचा सूर, एकीतून कुकरची शिट्टी, एकीतून रेडिओवरच्या बातम्या, एकीतून म्हातारीचं 'कोण रे ते?' २०२२ साली काका गेले. चित्राच्या फाइली त्यांच्या मुलाच्या पेन ड्राइव्हवर मिळाल्या. खिडक्या अजून उघडतात, पण आवाज नाहीत. ते दुसऱ्या एका फुकट सेवेवर ठेवले होते आणि ती सेवा आधीच बंद झाली होती. आपल्याला जे एक काम म्हणून दिसत होतं, ते दोन मांडवांत विभागलेलं होतं.

अशा वेळी काय करायचं, यावर न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने पुढाकार घेऊन काही वर्षं विचार केला. त्यांनी कलावंतांना विचारायची एक प्रश्नावली केली आणि चार वाटा मांडल्या. पहिली, मूळ वस्तू आणि मूळ यंत्र जपून ठेवणं. दुसरी, जुन्या यंत्राची नक्कल करणं, रफल करतो तशी. तिसरी, काम नव्या यंत्रावर आणि नव्या प्रकारच्या फाइलमध्ये नेणं. चौथी, कामाचा आत्मा धरून ते पुन्हा नव्याने घडवणं. चौथी वाट सगळ्यात धोक्याची, कारण त्यात आपण कलावंताच्या जागी जाऊन बसतो.

काकांच्या वाड्यासाठी आमच्यातल्या एकाने सुचवलं, की पेटी, कुकर, रेडिओ यांचे आवाज नव्याने भरू, कुणाला कळणारही नाही. आम्ही काकूंना विचारायला गेलो. काकू म्हणाल्या, "ते सगळे आवाज ह्यांनी आमच्याच घरातले धरले होते. पेटी माझी. दुसऱ्याच्या कुकरची शिट्टी लावू नका." मग आम्ही वेगळं केलं. चित्र नव्या ब्राउझरवर चालेल असं करून घेतलं, खिडक्या मुक्याच ठेवल्या. काकूंनी एका दुपारी बसून कुठल्या खिडकीत काय ऐकू यायचं आणि ते कधी टिपलं हे सांगितलं, ते ध्वनिमुद्रित केलं. उजव्या बाजूच्या दालनात या वर्षी तो वाडा आणि शेजारी काकूंचा आवाज असं ठेवलं आहे. 'मूळ आवाज उपलब्ध नाहीत' अशी पाटीही लावली आहे. जे गेलं ते गेलं असं लिहिणं, हेही जपणुकीचंच काम आहे असं आम्हाला वाटतं.

प्रदर्शन मांडताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते. पडद्यावरची कला तिच्या परिसरासकट असते. अमालिया उलमन या कलावतीने २०१४ साली इन्स्टाग्रामवर एक काल्पनिक आयुष्य रोजच्या फोटोंतून रंगवलं आणि पाहणाऱ्यांना ते खरं वाटलं. त्यातला एखादा फोटो फ्रेम करून भिंतीवर लावला, तर ती साधी छबी. खाली लोकांनी काय लिहिलं, कुणी कौतुक केलं, कुणी नावं ठेवली, यात त्या कामाचा जीव होता. म्हणून न्यूयॉर्कच्या 'रायझोम' या संस्थेने बोटाने पानं सरकवत पाहता येईल अशी त्या खात्याची प्रत करून ठेवली. आपल्याकडच्या कामांचंही तसंच आहे. मोबाइलसाठी केलेली उभी फिल्म मोठ्या आडव्या पडद्यावर ताणून दाखवली, की माणसं जाडी दिसतात. म्हणून या वर्षी अशी कामं आम्ही मोबाइलवरच दाखवली आहेत, आणि आवाज असलेल्या कामांना हेडफोन लावलेत, नाहीतर शेजारच्या आरतीत सगळं बुडालं असतं.

आता एक शंका आपल्यापैकी कुणीतरी काढणारच. बाप्पाचं आपण विसर्जन करतो, रांगोळी दुसऱ्या दिवशी पुसतो, मग संगणकावरचं चित्र गेलं तर एवढं काय? शंका रास्त आहे. पण विसर्जनाची तिथी ठरलेली असते, आपण आरती करून निरोप देतो आणि पुढच्या वर्षी लवकर या असं म्हणतो. रांगोळी काढणारीला ती पुसली जाणार हे काढतानाच माहीत असतं. आपलं काम जाऊ द्यायचं, हा निर्णय त्या कलावंताचा असेल तर आपण मान द्यायचा. आमच्याकडे एका मुलीने सांगितलं, की माझं २०२० चं चित्र ठेवू नका, मला ते आता आवडत नाही. आम्ही ठेवलं नाही. पण ज्यांना निरोप द्यायचाच नव्हता, त्यांच्या १६ कामांना विसर्जन म्हणता येणार नाही.

आता कामाचं बोलतो. समितीने कार्यकारिणीपुढे चार गोष्टी ठेवल्या आहेत.

पहिली, प्रत्येक कामाच्या तीन प्रती. दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, गोवा, सगळीकडे आपल्यासारखी जुनी मराठी मंडळं आहेत. त्यांच्यापैकी एकाशी अदलाबदल करावी. त्यांची डिस्क आपल्या कपाटात, आपली त्यांच्या कपाटात. खर्च एका डिस्कचा आणि कुरिअरचा.

दुसरी, प्रत्येक कामाबरोबर एक पानभर माहिती, आणि ती कागदावर. कोणी केलं, कधी केलं, कुठल्या प्रोग्रामवर, कुठला फाँट, आवाज आणि चित्र कुठे-कुठे ठेवलंय, कसं दाखवायचं. मूळ फाइल तर हवीच, शिवाय सहज उघडेल अशा प्रकारात दुसरी. चित्रासाठी पीएनजी किंवा टिफ, मजकुरासाठी युनिकोड आणि पीडीएफ. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेली प्रत ही मूळ प्रत नव्हे, एवढं लक्षात ठेवा.

तिसरी, संमतिपत्र. जपायचं का, दाखवायचं का, यंत्र बदललं तर काम नव्याने घडवायला परवानगी आहे का, आणि कलावंताच्या मागे हे कोणाला विचारायचं. हा शेवटचा प्रश्न विचारायला जड जातो. पण खात्याचा पासवर्ड माणसाबरोबर गेला, की घरच्यांच्या हाती काहीच राहत नाही.

चौथी आणि मुख्य, माणूस. सयाजीराव महाराजांनी नुसती पुस्तकं विकत घेतली नाहीत. १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून त्यांनी ग्रंथालयं उभी केली आणि ग्रंथपाल तयार करण्याचा वर्गही काढला. कपाटाला सांभाळणारा लागतो हे त्यांना ठाऊक होतं. डिस्कही पाच-सात वर्षांत दगा देऊ शकते. दरवर्षी ती लावून, फाइली उघडून पाहून, वेळ आली की नव्या डिस्कवर उतरवणारा कुणीतरी हवा. आम्ही तिघे आज आहोत. आमच्यानंतरचं नाव वहीत लिहिलेलं असावं, आणि ते मागच्या रांगेतल्या कुणाचं तरी असावं, अशी आमची विनंती आहे.

दर रविवारी सकाळी दहा ते बारा मंडळाच्या कार्यालयात आम्ही बसतो. जुनी सीडी, पेन ड्राइव्ह, बंद पडलेला मोबाइल, काहीही आणा. उघडतं का ते पाहू. २०२० किंवा २०२१ च्या प्रदर्शनातलं एखादं काम कुणाच्या फोनमध्ये राहिलं असेल, तर ते आधी आणा. हरवलेल्या १६ कामांची यादी दालनाच्या दाराशी लावली आहे. जाताना एकदा नजर टाका.

 गणपती बाप्पा मोरया!